वस्तीवर न गेलेली प्रभातफेरी

सव्वीस जानेवारी जवळ आली की माझं पोट बिघडतं, असं सुमनला वाटतं. सुमन माझी बायको. संसार जुना झाला की बाईला नवऱ्याच्या पोटातलं सगळं कळतं म्हणतात. हे मात्र तिला कळलेलं नाही. तिलाच काय, कुणालाच मी ते सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, असं विचारलंत तर उत्तर एकच आहे – तुम्ही मला ओळखत नाही, आणि ते माझ्या सोयीचं आहे. बघा, सुरुवातीलाच सोय पाहिली! माझा सगळा स्वभाव यात आला.

मी शिक्षक. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. गाव शिंदखेडा तालुक्यातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावाची यात चूक नाही – म्हणजे आहे, पण मला आज गावाबद्दल बोलायचं नाही. गावाआड लपणं फार सोपं असतं. ते मी बरीच वर्षं करून बघितलं आहे.

मी नागरिकशास्त्र चांगलं शिकवायचो. ही फुशारकी नाही, आणि असली तरी असू द्या, पुढे ती माझ्याच अंगावर येणार आहे. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला चिकटलेलं सावत्र पोर. बाकीचे मास्तर ते मार्चमध्ये उरकायचे. मी मात्र रंगात यायचो. वर्गाच्या फरशीवर खडूने मोठा गोल काढायचो आणि एखाद्या दांडगट पोराला सरकार करायचो. त्याला पट्टी द्यायची, शिट्टी द्यायची, हुकूम सोडायची मुभा द्यायची. मग गोलात एका बारक्या पोराला उभं करायचं आणि सरकारला सांगायचं – तुझ्या हातात पोलीस आहेत, कचेऱ्या आहेत, तुरुंग आहेत, पण या रेघेच्या आत कारण दाखवल्याशिवाय पाय टाकायचा नाही. ही रेघ म्हणजे राज्यघटना. रेघेच्या आत जो उभा आहे, तो कुणाचाही पोर असो, त्याचे हक्क त्याच्याजवळ. पोरांना हा खेळ भारी आवडायचा. सरकार व्हायला सगळेच तयार असत. गोलात उभं राहायला मात्र भिलाटीतली पोरं पुढे यायची, कारण त्यांना कुणी सरकार करतच नसे.

मी तरी कुठे करत होतो?

भिलाटी म्हणजे नाल्यापलीकडची भिल्लांची वस्ती. आमच्याकडे बहुतेक गावांना अशी एक भिलाटी असते. कापूस वेचायला, निंदायला, विहिरी खोदायला माणसं तिथूनच येतात. संध्याकाळी नाला ओलांडून परत जातात. नाल्यात वर्षातले आठ महिने पाणी नसतं, तरी तो ओलांडावा लागतो.

नव्वदनंतर घटनेत दुरुस्ती झाली आणि ग्रामपंचायतीत बायकांना, आदिवासींना राखीव जागा आल्या. धडा म्हणून मी तो मोठ्या उत्साहात शिकवला. सत्ता दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून गावाच्या चावडीपर्यंत कशी उतरते, ते फळ्यावर पायऱ्या काढून दाखवलं. पुढे तालुक्याला सोडत निघाली आणि आमच्या गावचं सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं – फळ्यावरची सगळ्यात खालची पायरी म्हणजे आमच्याच ग्रामपंचायतीची ती सिमेंटची पायरी, जिच्यावर उत्तमआबा सकाळी दात घासत बसायचे.

उत्तमआबा आमचे जुने सरपंच. वाईट माणूस म्हणाल, तर नाही. लग्नकार्यात अर्ध्या गावाचा मांडव त्यांच्या बैलगाडीतून यायचा. माझा धाकटा तापाने फणफणला होता तेव्हा त्यांनीच मोटारसायकलवर शिंदखेड्याला नेला होता. पण सरपंचपद त्यांना घरातल्या कपाटासारखं वाटायचं. ते दुसऱ्याला कसं द्यायचं? आबा उपसरपंच झाले, आणि सरपंच झाल्या जमनाबाई.

जमनाबाई उंच, काटक. दात मिश्रीनं काळे झालेले, हसताना पदर तोंडाशी. आवाज मात्र असा की शेताच्या या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरची बाई वाकलेली सरळ व्हावी. लिहिता-वाचता येत नव्हतं. राग नाकावर. गाव त्यांना ‘जमनी’ म्हणायचं. सरपंच झाल्यावरही म्हणायचं. पहिल्या सभेला त्या आल्या तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून भिंतीशी खाली बसल्या. दुसऱ्या सभेला काय केलं माहीत आहे? ग्रामसेवकाने कुलूप उघडायच्या आधीच दारात येऊन थांबल्या, दार उघडताच आत शिरून सरपंचाच्या खुर्चीवर बसल्या आणि सभा संपेपर्यंत पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. आबा खिडकीच्या कट्ट्यावर बसले. त्या दिवशी सभेत एकच ठराव झाला, भिलाटीत हापशी बसवायची. तिथल्या बायका नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी आणायच्या.

मला त्या दिवशी आनंद झाला होता. हे खरं आहे, विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी घरी येऊन सुमनला सगळं रंगवून सांगितलं, आणि आम्ही दोघं हसलो. माझा धडा उठून खुर्चीवर बसला होता! कुठल्या मास्तराला आनंद होणार नाही?

मग जानेवारी आला.

ग्रामपंचायतीवरचा झेंडा सरपंचानं लावायचा, हे ठरलेलंच. सव्वीस जानेवारीच्या चार-पाच दिवस आधी, शाळा सुटता सुटता जमनाबाई मला भेटायला आल्या. झेंडा कसा लावतात ते शिकवा म्हणाल्या. आजवर नाल्याच्या काठावरून लांबूनच बघितला होता. फुलं कशी पडतात हे त्यांना कळत नव्हतं. मी शाळेच्या खांबाची दोरी सोडली. झेंडा सरावाला घ्यायचा नाही म्हणून पंचा घेतला. घडी कशी घालायची, पाकळ्या मधे कशा ठेवायच्या, वरून सरकगाठ कशी मारायची, वर पोचल्यावर दोरीला एकच झटका कसा द्यायचा, सगळं शिकवलं. झटका हळू दिला तर गाठ सुटत नाही, आणि वेडावाकडा दिला तर घट्ट होते. जमनाबाईंनी पहिल्यांदा दिला तो वेडावाकडा. स्वतःवरच चिडल्या, दोरीला शिवी दिली, आणि मग शाळेत शिवी दिली म्हणून जीभ चावली. नंतर जमलं. पंचा उलगडला आणि झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या डोक्यावर पडल्या. त्या हसल्या तेव्हा पदर तोंडाशी न्यायचं विसरल्या.

हे एवढं मी का सांगतोय? कारण पुढचं सांगायला तोंड उघडत नाही.

आबा मला पारावर भेटले. रागावले नव्हते. पानाला चुना लावत बसले होते. म्हणाले, "औंदा बदल्या व्हनार शेतस म्हनतस, गुरुजी?"

एवढंच. तुम्ही आमच्या भागातले असाल तर पुढचं सांगायला नको. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झालेला नव्हता, सातपुड्यातलं धडगाव आमच्याच धुळे जिल्ह्यात. कुणावर राग काढायचा असला की त्याला धडगावकडे धाडायचं. डोंगरातल्या पाड्यावर, जिथे पावसाळ्यात बस जात नाही. आबांचे जावई पंचायत समितीत. माझी दोन पोरं शिंदखेड्याच्या शाळेत, वडील धुळ्याला औषधपाण्यावर. मी म्हटलं, ऐकतो तरी आहे, आबा. मग थोड्या वेळानं, जणू दुसराच विषय काढल्यासारखं, आबा म्हणाले, झेंडा लावायचा म्हणजे गावाची इज्जत असते, तालुक्यातून पाहुणे येतात, बाईचा हात थरथरला, गाठ अडकली तर हसं होईल. "ती येळवर उनीच नही, तं बरं व्हई."

इतकी वर्षं मी मनात हे असंच मांडत आलो – आबांनी सांगितलं, मी घाबरलो, मी केलं. ऐकायला बरं वाटतं. घाबरलेल्या माणसाची दया येते. पण ऐका, आबांनी काही सांगितलंच नव्हतं. वेळेवर आली नाही तर बरं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. ती वेळेवर येऊ नये म्हणून काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. फार तर त्यांनी वाटेत कुणाला आडवं उभं केलं असतं, भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर जमनाबाई जिंकल्या असत्या. त्या आवाजापुढे कोण टिकणार? पोलिसांत तक्रार झाली असती, कायदा त्यांच्या बाजूनं होता, आबांनाही ते ठाऊक होतं. रेघ ओलांडायची आबांची छाती नव्हती. बाईलाच रेघेच्या आत बसवून ठेवायचं – हे डोकं माझं. नागरिकशास्त्राच्या मास्तराचं. तिथल्या तिथे, पारावर, आबांचं पान तोंडात जायच्या आत मला ते सुचलं. आणि खरं सांगू? सुचल्याचा क्षणभर अभिमानही वाटला.

दरवर्षी झेंडावंदनाच्या आधी शाळेची प्रभातफेरी निघायची. पुढे ढोल, मागे पोरांच्या रांगा, घोषणा. शाळेपासून निघून मोठ्या गल्लीने मारुतीच्या देवळापर्यंत, आणि तिथून वळून ग्रामपंचायतीसमोर. देवळापासून सरळ गेलं की नाला आणि पलीकडे भिलाटी. फेरी तिकडे कधी गेलेली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी स्वतः भिलाटीत गेलो. कितव्यांदा गेलो असेन? बहुधा पहिल्यांदाच. जमनाबाईंना म्हटलं, बाई, यंदा सरपंच तुमच्या वस्तीतला आहे, तेव्हा प्रभातफेरी आधी इथे येईल. तुम्ही फेरीच्या पुढे चालायचं. ढोल वाजत, घोषणा देत पोरं तुम्हाला झेंड्यापर्यंत नेतील. तोवर इथेच थांबा. वस्तीतून शाळेत येणाऱ्या पोरांनाही इथेच थांबवा, ती इथूनच फेरीत मिळतील.

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. मला ते लिहायचा हक्क नाही.

सव्वीस जानेवारीला थंडी कडक होती. पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. प्रभातफेरी निघाली, मी सगळ्यात पुढे, गळ्यात शिट्टी. मारुतीच्या देवळाशी आलो. सरळ नजर टाकली तर नाल्यापलीकडे भिलाटी दिसत होती. अंगणं सारवलेली, आणि वस्तीच्या तोंडाशी माणसं उभी. एवढ्या लांबून चेहरे ओळखू येत नाहीत. जमनाबाईंचं हिरवं लुगडं ओळखू आलं. मागून एका शिक्षकाने विचारलं, तिकडे जायचं होतं ना? मी म्हटलं, उशीर झालाय. आणि शिट्टी वाजवून फेरी वळवली.

उशीर झालेला नव्हता.

झेंड्याखाली सगळे जमले. पाहुणे आले. सरपंचबाई कुठे आहेत म्हणून कुणीतरी विचारलं, कुणीतरी हसलं. थोडा वेळ थांबल्यासारखं केलं, मग पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं, म्हणून उपसरपंचांनी दोरी हातात घेतली. त्याआधी माझं काम होतं, दरवर्षीचं – राज्यघटनेची उद्देशिका मोठ्याने वाचायची. माझा आवाज चांगला आहे. पाठ होती, तरी कागद धरला. ‘आम्ही भारताचे लोक’पासून सुरुवात केली आणि ‘दर्जाची व संधीची समानता’पर्यंत आलो. अडखळलो असेन, असं तुम्हाला वाटेल. नाही अडखळलो. एका दमात वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी झटका दिला, फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू झालं.

ते भिलाटीत ऐकू गेलं. हे मला नंतर वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, सहज, बोलता बोलता. राष्ट्रगीत कानावर आलं तेव्हा बायकांनी पळायला सुरुवात केली होती, पण जमनाबाईंनी सगळ्यांना हात करून थांबवलं. गाणं संपेपर्यंत हलायचं नाही म्हणाल्या. ते शाळेत शिकवलेलं असतं, त्यांना त्यांच्या मुलीकडून कळलं होतं. मुलीला कुणी शिकवलं, ते विचारू नका. सगळी वस्ती नाल्याच्या काठावर ताठ उभी राहिली, आणि मग त्या धावत आल्या.

इकडे बुंदी वाटणं चालू होतं. जमनाबाई आल्या त्या अनवाणी, दम लागलेला, पदराच्या ओच्यात झेंडूच्या पाकळ्या. वर बघितलं. झेंडा फडकत होता. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय सरपंचबाई, उठाले उशीर व्हयना का?" माणसं हसली. मीही गालातल्या गालात हसलो. कुणी बघितलं नाही, पण हसलो.

मला वाटलं होतं, आता त्या भांडतील. माझ्या नावानं बोंब मारतील. मी तयारी केली होती. पण त्या खांबापाशी गेल्या, ओच्यातल्या पाकळ्या खांबाच्या बुडाशी वाहिल्या, देवाला वाहावं तशा. कपाळाला हात लावून सलाम केला. मग माझ्याकडे आल्या आणि विचारलं, फेरी का आली नाही?

आणि मी काय म्हटलं? जे बोललो ते आधी ठरवलेलं नव्हतं, ते आपसूक बाहेर पडलं. म्हटलं, "अहो बाई, मी तुम्हाला म्हणालो होतो ना – फेरी दिसली नाही तर वाट बघू नका, थेट निघून या म्हणून?"

असं मी कधीही म्हणालो नव्हतो.

त्या आठवू लागल्या. मला दिसत होतं, त्या मनाशी परत परत ते बोलणं लावून बघत होत्या – मी अंगणात कुठे उभा होतो, काय म्हटलं, काय नाही. एकीकडे त्यांची आठवण, दुसरीकडे गुरुजींचा शब्द. गुरुजींनी लेकरांना शिकवलं, गुरुजींनी गाठ शिकवली. गुरुजी कशाला खोटं बोलतील? हळूहळू त्यांची मान खाली गेली. म्हणाल्या, "मनंच चुकनं, गुरुजी. थांबाले नही पाहिजे व्हतं."

त्या माझी माफी मागत होत्या. आणि मी ती दिली. म्हटलं, होतं असं कधीकधी, बाई. मनाला लावून घेऊ नका. पुढल्या वेळी वेळेवर या. मोठ्या मनानं म्हटलं. हातात बुंदीचा द्रोणही दिला.

इथे थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. पण हे तेवढ्यावर भागलं नाही. आबांना आयतं हत्यार मिळालं होतं, आणि धार मीच लावून दिली होती. सदस्यांच्या सह्यांनी तक्रार गेली – सरपंचबाई प्रजासत्ताक दिनाला गैरहजर राहिल्या, झेंड्याचा अपमान केला. पंचायत समितीतून एक विस्तार अधिकारी चौकशीला आले. शाळेच्याच कचेरीत बसले. भला माणूस होता, जमनाबाईंना त्यानं खुर्ची दिली. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्यानं मला विचारलं, "गुरुजी, सरपंचबाईंना वेळ आणि जागा तुम्ही स्वतः सांगितली होती? फेरी आली नाही तरी यायचं, हे सांगितलं होतं?"

हा प्रश्न मी वर्गात शेकडो वेळा विचारला आहे, वेगळ्या शब्दांत. सरकार समोर बसलंय, नागरिक बाजूला बसलाय, साक्षीदारानं काय करायचं? बारकी पोरंसुद्धा हात वर करून सांगायची – खरं बोलायचं, गुरुजी. त्या दिवशी तर सरकारला खरं तेच हवं होतं. सरकार वाईट नव्हतं. घटना वाईट नव्हती, कायदा वाईट नव्हता. दिल्लीत बसलेल्या माणसांनी एवढा खटाटोप करून नाल्यापलीकडच्या एका बाईला गावाच्या खुर्चीपर्यंत आणलं होतं. सगळी व्यवस्था आपापल्या जागी नीट उभी होती. फक्त माझ्या तोंडून ‘नाही’ निघायचं होतं. एक शब्द.

मी म्हटलं, "हो साहेब."

आणि जमनाबाईंनी शेजारी बसून मान हलवली – हो, सांगितलं होतं म्हणून. माझ्या खोट्याला त्यांनी साक्ष दिली. तेवढं झाल्यावर त्या अधिकाऱ्याला लिहायला काय अडचण होती?

पुढे अविश्वासाचा ठराव आला. सदस्यांत दोघं-तिघं काठावरचे होते. एक बाई तर जमनाबाईंच्या बाजूनं हात वर करणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिनेच नंतर सुमनजवळ सांगितलं, जी बाई झेंड्याला येत नाही तिला कसं मत द्यायचं, आणि गुरुजींनीच तसं सांगितलं म्हटल्यावर? ठराव मंजूर झाला. जागा राखीवच होती, म्हणून आबांच्या शेतावर सालानं राहणाऱ्या कुटुंबातली एक बाई सरपंच झाली. ती कधी खुर्चीवर बसली नाही. खुर्चीवर आबा बसायचे, ती पायरीवर. हापशी आली, पण नाल्याच्या अलीकडे, आबांच्या गोठ्याजवळ बसली. भिलाटीतल्या बायका वाळूत झिरे खणत राहिल्या. मी शाळेत जाताना त्यांना बघायचो. त्या वाकून नमस्कार करायच्या. हजेरीत मी मात्र सव्वीस जानेवारीला भिलाटीच्या सगळ्या पोरांना हजर मांडलं होतं. तेवढा न्याय केला.

बदल्यांची यादी निघाली, तिच्यात माझं नाव नव्हतं. आबांनी एवढंच केलं की नेहमीपेक्षा मोठ्यानं हाक मारली, या गुरुजी, चहा घ्या. मी चहा घेतला.

आणि तो गोल? त्या वर्षानंतर मी फरशीवर खडूने गोल काढला नाही. पोरं विचारायची, खेळ का नाही, गुरुजी? मी म्हणायचो, अभ्यासक्रम मागे पडलाय. नागरिकशास्त्र मीही मार्चमध्ये उरकू लागलो. कुणीही सरकार व्हायला नको आणि कुणी आत उभं राहायला नको. मला वाटायचं, रेघ काढली तर पोरांना दिसेल की मी कुठे उभा आहे. कारण मी कुठेच उभा नव्हतो, ना सरकारच्या जागी, ना नागरिकाच्या. मी खडू धरणारा. रेघ कुठून काढायची आणि कुठे पुसायची, हे ज्याच्या हातात असतं त्याच्याबद्दल त्या पुस्तकात एकही धडा नाही. मला तरी सापडला नाही.

पुढे विनंती करून जळगावला बदली घेतली. पिंप्राळ्याकडे दोन खोल्या बांधल्या. गाव सुटलं. गाव सुटलं की विसरतो माणूस, असं मला वाटलं होतं.

काही वर्षांनी, म्हणजे नंदुरबारचा वेगळा जिल्हा झाल्यानंतर, वडिलांच्या वर्षश्राद्धाला धुळ्याला गेलो होतो. परत निघताना बसस्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत होतो. मागून हाक आली – "गुरुजीऽ!" तो आवाज मी हजारात ओळखला असता. मान वळवायच्या आधी मी खरोखर इकडेतिकडे बघितलं, जायला वाट आहे का म्हणून. गर्दी होती.

जमनाबाई वाकल्या होत्या थोड्या, केस पांढरे झालेले. सोबत सून होती आणि दोरीनं बांधलेलं मोठं बोचकं. गुजरातेत ऊस तोडायला निघाल्या होत्या, सगळं घर घेऊन. मुलगा तिकिटाची चौकशी करायला गेला होता. माझी विचारपूस केली, पोरं काय करतात विचारलं, सुमनची चौकशी केली. वडील गेल्याचं सांगितल्यावर डोळ्यांत पाणी आणलं. मग सुनेला पुढे ओढलं.

"पाया पड. ह्या आमना गुरुजी शेतस. यास्नी माले सांगेल व्हतं, मनंच चुकनं, नहीतं झेंडा मीच लावती." हे त्या हसत म्हणाल्या, घरात शंभरदा सांगून झालेली गोष्ट परत सांगावी तसं. सुनेनंही मान हलवली, तिला ते माहीत होतं. म्हणजे भिलाटीत हे असंच सांगितलं जात होतं. आमची आजी सरपंच होती, पण झेंड्याला उशिरा पोचली.

मग त्यांनी बोचक्याच्या दोरीचं सुटं टोक हातात घेतलं, बोटाभोवती फिरवून सरकगाठ मारली आणि एका झटक्यात सोडवून दाखवली. अगदी बरोबर झटका होता.

"आजून याद शे माले, गुरुजी."

सून पायांशी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा. जमनाबाईंची चूक नव्हती, मी तसं काही सांगितलंच नव्हतं, हे तेव्हा दोन वाक्यांत सांगून झालं असतं. त्या समोर उभ्या होत्या. सूनही ऐकत होती. जळगावची गाडी लागली. मी चढलो, खिडकीजवळ जागा मिळाली. जमनाबाई गाडी हलेपर्यंत खाली उभ्या राहिल्या.